डिलिव्हरीचे व्हिडिओ बघू की नको बघू?

"मॅडम, डिलिव्हरीचे व्हिडिओ बघितले तर चालतात का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी पाचव्या महिन्यातली मुलगी स्वतः विचारते, कधी तिची सासू तक्रार घेऊन येते की ही रात्री असलं काहीतरी बघत बसते तुम्हीच सांगा आता, कधी नवरा बाहेर थांबून हळूच विचारतो, फोन काढून घेऊ का तिचा. मी पुण्यात प्रसूतीआधी आणि नंतरच्या बायकांसाठी समुपदेशनाचं काम करते. सुरुवातीची बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं असायचं, बघू नका, कशाला डोक्याला ताप. आता मी तसं सरसकट सांगत नाही. का, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती २९ वर्षांची, बँकेत नोकरी, पहिलटकरीण, २८ वा आठवडा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं कारण दर चेकअपला आली की एकच धोशा, मला सिझरच करा, आत्ताच तारीख देऊन टाका. रिपोर्ट सगळे चांगले, बाळाचं वजन चांगलं, बीपी शुगर काही नाही. पण झोप उडालेली, रात्री दोनला जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत फोन.

सुरुवात कुठून झाली तर तिची मावसबहीण इंग्लंडमध्ये रेडिंगला असते, तिचं बाळ तिथेच झालं. तिने मोठ्या प्रेमाने सांगितलं की तू 'वन बॉर्न एव्हरी मिनिट' बघ, मला तर खूप धीर आला त्याने. ही तिकडची टीव्हीवरची मालिका, चॅनल फोरवर २०१० मध्ये सुरू झाली, साउथॅम्प्टनच्या प्रिन्सेस ॲन हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात ठिकठिकाणी कॅमेरे बसवून खरी बाळंतपणं शूट केलेली. हिने चार भाग बघितले. मग ॲपने आपणहून पुढचं सुचवलं, मग त्याच्या पुढचं, आणि आठवड्याभरात ही कुठे पोचली तर बाळाचा खांदा अडकला, वार पडलीच नाही, रक्त थांबेना, असल्या व्हिडिओंवर. एकाच मालिकेने बहिणीला धीर आला आणि हिची झोप गेली.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मी सांगितलं, महिनाभर काही बघायचं नाही, ॲप काढूनच टाक. ती हो म्हणाली. पुढच्या आठवड्यात आली तर चेहरा आणखी उतरलेला, आणि बऱ्याच वेळाने रडत म्हणाली की मॅडम मी बाथरूममध्ये जाऊन इअरफोन लावून बघते. म्हणजे भीती होती तिथेच राहिली, वर चोरी आली. त्यात सासूबाईंनी सांगून ठेवलेलं की पोटात बाळ सगळं ऐकतं, चांगलं बघ चांगलं ऐक, अभिमन्यूने नाही का सुभद्रेच्या पोटात ऐकलं. सासूबाईंचा हेतू चांगलाच होता, पण हिच्या डोक्यात बसलं की मी बाळाच्या कानात किंकाळ्या घालतेय. मला म्हणाली, "अभिमन्यूसारखा मीच अर्धा चक्रव्यूह ऐकलाय मॅडम, आत कसं शिरायचं ते कळलंय, बाहेर कसं यायचं ते कुणीच सांगत नाहीये."

मी आधी तो अपराधीपणा बाजूला काढला. अगं, एखादा व्हिडिओ बघून तू दचकलीस म्हणून बाळाचं काही बिघडत नाही. रोजची झोप जातेय, जेवण तुटतंय, त्याची काळजी आपण घेऊ, तीही आधी तुझ्यासाठी. आणि मनाई मागे घेतली. म्हटलं पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये, आपण तिघं मिळून एक भाग बघू, दुपारी, उजेडात, आणि रिमोट तुझ्या हातात. जिथे पोटात गोळा येईल तिथे थांबवायचं, एवढंच काम.

माझा अंदाज होता की ती ओरडण्याच्या सीनला थांबवेल. तिथे ती नीट डोळे उघडे ठेवून बघत राहिली, नवराच खिडकीकडे बघायला लागला. तिने थांबवलं ते भलत्याच ठिकाणी. कळा सुरू असलेली बाई उभी आहे, नवऱ्याच्या छातीवर कपाळ टेकवलंय, तो पाठ चोळतोय, आणि मिडवाईफ, म्हणजे बाळंतपण करणारी शिकलेली सुईण, खाली जमिनीवर बसून हळू आवाजात काहीतरी बोलतेय. किंकाळी नाही, रक्त नाही, काही नाही. ही म्हणाली, "इथे."

मी विचारलं, इथे काय झालं? बराच वेळ गप्प. मग चुलत बहिणीचं सांगायला लागली, ती एका छोट्या दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा घरचे सगळे बाहेर बाकड्यावर आणि ती आत जवळजवळ नऊ तास एकटी. कळ आली की ओरडायची, आणि ओरडली की आयाबाई मांडीवर चापट मारून म्हणायची, आता कशाला ओरडतेस. हे बहिणीने हिला सांगितलं होतं हिच्या लग्नाच्या आधी, आणि घरात कुणी त्याला फार किंमत दिली नव्हती कारण बाळ बाळंतीण सुखरूप होते ना, झालं तर मग. हिच्या मनात मात्र ते तसंच राहिलेलं. दुखण्याची भीती हिला होतीच, कुणाला नसते, पण खरी भीती एकटं पडण्याची होती, आणि कुणीतरी आपल्याला हिडीसफिडीस करेल याची. टीव्हीवर त्या बाईचा हात कुणीतरी धरलेला बघून हिला दर वेळी आठवायचं की आपल्याकडे आत कुणालाच सोडत नाहीत. सिझर का हवं होतं ते मला तेव्हा कळलं. तासाभरात उरकतं, भूलतज्ज्ञ डोक्याशी असतो, एकटीने तास काढायचे नसतात, असं तिचं गणित होतं.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण पहिल्या भेटीत मी हे विचारलंच नव्हतं, डायरेक्ट फोनवर बंदी घातली होती.

मग आम्ही तो भाग परत लावला आणि यावेळी सीनमधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं ठरवलं. एका तासाच्या भागात जाहिराती, दोन तीन कुटुंबं, त्यांच्या मुलाखती, म्हणजे एका बाईच्या कळांना जेमतेम दहा बारा मिनिटं मिळतात. त्यात ठेवतात काय, तर कळ ऐन भरातली. दोन कळांच्या मधला वेळ, जेव्हा बाई पाणी पिते, गप्पा मारते, डुलकी काढते, तो सगळा कापलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे पहिलटकरणीला पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यानंतर पूर्ण उघडायला साधारण १२ तासांपर्यंत लागू शकतात, आणि त्याआधीच्या हळूहळू कळांना किती वेळ लागेल याचं ठरलेलं गणितच नाही. बारा तासांचं दहा मिनिटात बसवलं की न थांबणारी एक सलग किंकाळी दिसणारच. हे तिला पटलं, बँकेत काम करणारी मुलगी, आकड्यांवर विश्वास.

दुसरी गोष्ट, ती मालिका तिकडची आहे. तिथे साधं बाळंतपण मिडवाईफच करते, दुखणं कमी करायला गॅस ओढायला देतात, अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन, नवरा आत असणं गृहीतच. मावसबहिणीला त्याचा उपयोग झाला कारण तिने जे बघितलं तेच तिच्या वाट्याला येणार होतं, शिवाय जे कळलं नाही ते दुसऱ्या दिवशी तिच्या मिडवाईफला विचारता येत होतं. आपल्याकडे चित्र वेगळं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत जवळपास ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, सरकारीत १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मालिका बघून आपलं काय होणार याचा अंदाज बांधता येत नाही, ते आपल्याच डॉक्टरांना आपल्याच दवाखान्याबद्दल विचारावं लागतं.

आणि विचारायचं काय ते आता तिच्याकडे होतं. आत माझ्याबरोबर कोण असेल?

हा लाडाचा हट्ट नाहीये हे मी मुद्दाम लिहितेय, कारण घरोघरी तसंच म्हटलं जातं, आमच्या वेळी कोण होतं आत. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २६ अभ्यास एकत्र तपासले, १५ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या, आणि ज्यांच्याबरोबर कळांच्या वेळी सतत कुणीतरी होतं त्यांची नॉर्मल डिलिव्हरी होण्याचं प्रमाण जास्त, कळांचा काळ थोडा कमी, आणि बाळंतपणाची वाईट आठवण राहण्याचं प्रमाणही कमी दिसलं. आपल्या केंद्र सरकारनेच २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत लेबर रूममध्ये सोबतीण ठेवायला मुभा दिली, स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी असं त्यात आहे, आणि जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवरासुद्धा चालतो. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं, विचारतच नाही कुणी.

तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाल्या एकजण येऊ शकेल, आधी नाव सांगा, आणि एकदा लेबर रूम बघून जा. ती बघून आली. टेबल बघितलं, बाळाला ऊब देणारा वॉर्मर बघितला, ड्युटीवरच्या सिस्टरचं नाव विचारून घेतलं, टॉयलेट कुठे आहे ते बघितलं. त्या रात्री पाच तास झोप लागली म्हणाली.

आता सोबत कोण? आईला विचारलं तर आई फोनवरच रडली, मला नाही गं बघवणार तुझं. पण रडता रडता आईने पहिल्यांदा हिच्या जन्माची गोष्ट सांगितली, कराडजवळच्या गावात रात्री कळा सुरू झाल्या, पाऊस, जीपमधून दवाखाना, आणि एक नर्सबाई सकाळपर्यंत उशाशी बसून होत्या. एकोणतीस वर्षं ही गोष्ट घरात होती आणि मुलीला माहीत नव्हती. आपण मुलींना डोहाळजेवण करतो, ओटी भरतो, काय खायचं काय नाही सगळं सांगतो, पण कळा कशा असतात हे सांगायला लाजतो, मग मुली दुसरीकडे शोधतात, दोष कुणाला द्यायचा.

नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की मला चक्कर येईल. शेवटी तिने निवड केली ती ऐकून मीही चकित झाले. म्हणाली, "सासूबाई. ओरडतील मला, पण जागच्या हलणार नाहीत." त्याच सासूबाई, अभिमन्यूवाल्या. गावात तीन जावांच्या बाळंतपणांना त्याच बसल्या होत्या, कुणी विचारलं नव्हतं म्हणून बोलल्या नव्हत्या.

सिझरचा विषय आम्ही बंद केला नाही, शेवटपर्यंत तो मार्ग उघडा आहे असं डॉक्टरांनी तिला सांगितलं, आणि त्यामुळेच बहुतेक तिने मागणं सोडलं.

आता जे मला रोज विचारतात त्यांच्यासाठी. बघितल्यावर प्रश्न मनात येऊन डॉक्टरांना विचारावासा वाटत असेल तर खुशाल बघा, दिवसा, कुणाबरोबर तरी, आणि एक संपला की बंद, पुढचं ॲपला ठरवू देऊ नका. ज्यांचं आधी बाळ गेलंय, आधीचं बाळंतपण फार वाईट गेलंय, किंवा कुणी कधी अंगाशी जबरदस्ती केलीय, त्यांनी एकटीने अजिबात बघू नये, आधी बोलावं. आणि भीती इतकी असेल की चेकअप टाळावंसं वाटतं, हवं असलेलं बाळही नको वाटायला लागतं, छातीत धडधडून घाम फुटतो, तर तो भित्रेपणा नसतो. बाळंतपणाच्या या टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात, त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कुणी जवळ नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.

तिचं काय झालं? पहाटे कळा सुरू झाल्या, रात्री नऊच्या सुमारास मुलगी झाली, शेवटी बाळाला बाहेर ओढून घ्यायला व्हॅक्यूम लावावा लागला, टाके पडले. सोपं काही नव्हतं. सासूबाई सोळा तास तिथेच, मधे एकदा चहाला गेल्या तेवढ्याच. आठव्या दिवशी तिचा मेसेज आला की मॅडम, एवढे व्हिडिओ बघितले पण बाळ झाल्यावर अंग थंडी वाजल्यासारखं थडथड उडतं हे एकातही नव्हतं, मला वाटलं मी गेलेच आता, पण सासूबाईंनी गोधडी टाकली आणि म्हणाल्या, हे होतंच, मलाही दोन्ही वेळा झालं होतं.