काथ्या वाढवण्याआधी माती तपासा

कच्च्या विटा सुकताना तडकतात आणि मातीत मिसळलेला काथ्या, म्हणजे नारळाचा धागा, दुप्पट करूनही तडे थांबत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आता तिप्पट करू नका. वर्णनावरून तुमच्या मातीत चिकणमातीचा अंश जास्त दिसतो. ती पाणी पिऊन फुगते, सुकताना आकसते. धागा हे आकसणं रोखत नाही. एक रुंद तडा जायचा तिथे तो केसासारख्या बारीक भेगा पाडून भागवतो.

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, तिच्यावर गाळ. चिकणमाती बसायला रात्र जाते. सगळ्यात वरचा थर जाड निघाला तर आधी वाळू मिसळा.

काथ्या वजनावर मोजा. १०० किलो सुक्या मातीला अर्धा किलो, फार तर एक किलो. ऐकायला कमी वाटतं, पण पिंजलेल्या अर्ध्या किलोचा केवढा ढीग होतो ते बघाच. तुकडे ३ ते ५ सेंटिमीटरचे करा आणि गारा (विटांसाठी भिजवलेली माती) तुडवताना चिमटीचिमटीने पसरत जा. एकदम ओतलात तर गुंता होतो. गुंत्याच्या आत माती शिरत नाही, पोकळी राहते, आणि वीट नेमकी तिथून फुटते.

धागाही पाणी पितो. ओल्या गाऱ्यात तो फुगतो, सुकताना बारीक होतो आणि भोवती फट राहते. म्हणून गारा जितका घट्ट तितका बरा. सुकलेली वीट मोडून बघा. साधी वीट खाडकन दोन तुकडे होते, काथ्याची तडकूनही धाग्यांवर लोंबकळत राहते. ही खरी कमाई! मोडलेल्या तोंडाशी धागे तुटलेले किंवा मातीने माखलेले दिसले तर पकड चांगली. गुळगुळीत सुटून आले तर नाही. दाबाखालची ताकद मात्र काथ्याने वाढेलच असं नाही, जास्त झाला तर घटतेही.

धागा किती टिकतो, हेही विचारलंत. इराकमधल्या अकर कूफच्या झिगुरातमध्ये, म्हणजे प्राचीन टप्प्याटप्प्यांच्या मनोऱ्यात, कच्च्या विटांच्या थरांमधल्या बोरूच्या चटया ३,००० वर्षांनंतरही दिसतात, कारण तिथली हवा कोरडी आहे. ओलं-सुकं चक्र चालू राहिलं की कुठलाही धागा कुजतो. तेव्हा जोतं दगडाचं घ्या, छपराची वळचण पुढे काढा. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, भरपूर, म्हणून तो तागापेक्षा जास्त दम धरतो. चुना किंवा सिमेंट घालणार असाल तर ताग टाळाच, त्यांच्यातली अल्कली (तीव्र क्षार) त्याला लवकर खाते.

आधी तीनच विटा पाडा: एक नुसत्या मातीची, एक वाळू घातलेली, एक वाळू आणि काथ्याची. सावलीत सुकवा. आणि बरणीतले थर किती निघाले ते कळवा, मग वाळूचं प्रमाण ठरवू.