वाचकांचे प्रश्न : सी-प्यादे पुढे रेटावे का?

प्रश्न : क्वीन्स गॅम्बिट नाकारून, म्हणजे पांढऱ्याने सुरुवातीला देऊ केलेले सी-४ वरचे प्यादे न मारता, मी काळ्या मोहऱ्यांनी खेळतो. सी-५ (सी पट्टीतले पाचवे घर) वरचे प्यादे सी-४ वर नेले की वजिराच्या बाजूला माझी प्यादी वरचढ होतात, तरीही डाव हरतो. असे का होते?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा अभ्यास १८९५ सालच्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील पिल्सबरी (पांढरी मोहरी) विरुद्ध टाराश (काळी मोहरी) या डावावर करावा. सी-५ वरचे प्यादे पांढऱ्याच्या डी-४ वर सतत दाब ठेवते. ते पुढे सरकले की तो दाब संपतो, मध्य बंद होतो आणि पांढरा निर्धास्तपणे राजाच्या बाजूला वळू शकतो. टाराश यांनी अकराव्या खेळीत हेच केले. पिल्सबरी यांनी घोडा ई-५ वर रोवला, एफ-४ खेळून त्याला आणखी आधार दिला आणि पुढे एफ व जी प्यादी राजावर चालून नेली.

तरीही टाराश यांची योजना पोकळ नव्हती, हे मी आवर्जून सांगेन. त्यांचे प्यादे सी-३ पर्यंत पोहोचले, उंटाने बी-३ वरचे प्यादे मारले, आणि हल्ला एका खेळीने जरी उशिरा आला असता तरी डाव फिरला असता.

चव्वेचाळिसाव्या खेळीत पिल्सबरी यांनी वजीर जी-३ वर आणून शह दिला आणि एच-६ वरचा घोडा मारू दिला. त्यानंतरची खेळी मला सर्वांत सुंदर वाटते. एक घोडा कमी असताना, शह न देता, त्यांनी राजा शांतपणे एच-१ या कोपऱ्यात नेला. त्यामुळे जी-१ हे घर हत्तीसाठी मोकळे झाले. हत्ती तेथे आला की जी पट्टी त्याच्या ताब्यात राहते आणि वजीर एच-४ वरून मात देण्यास मोकळा होतो. ती मात टाळताना टाराश यांना वजीर गमवावा लागला. त्यांचे सी-प्यादे सी-२ वर, म्हणजे वजीर होण्यापासून एकच घर दूर होते, तेव्हा बावन्नाव्या खेळीत मात झाली. बावीस वर्षांचे पिल्सबरी पुढे लास्कर, चिगोरिन, टाराश आणि स्टाइनिट्झ या अव्वल खेळाडूंना मागे टाकून स्पर्धेत पहिले आले.

आपण सी-५ वरचा ताण शक्य तितका काळ टिकवावा आणि प्यादे सी-४ वर नेण्याआधी, ई-५ वर येणाऱ्या घोड्याला कसे हटवणार किंवा कशाने मारणार, ते ठरवून घ्यावे.