सोडून दिलं म्हणजे मान्य केलं का?

"मी लक्ष काढून घेतलं आणि काही वाकडं झालं, तर?"

फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी सतत ऐकते. निमित्तं बदलतात. भावाने विकायला काढलेली बागायत, सुनेच्या माहेरच्या फेऱ्या, पुतण्याची नोकरी. विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे, कर्तबगार, घर आणि नोकरी दोन्ही नेटाने निभावलेले. दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये हे त्यांना पाठ असतं. तेच इतरांना ऐकवतही असतात. त्यामुळे तो उपदेश मी करत नाही. त्याऐवजी एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई डिचोली तालुक्यातल्या, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त. घरात कोंकणी, शाळेत आणि देवळात मराठी. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं. तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. पहिल्या भेटीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि म्हणाल्या, "मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट करतोय."

गोव्यात हे नवीन नाही. गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने तिथलं नागरिकत्व मागता येतं. आधी आईची किंवा वडिलांची जन्मनोंद तिकडच्या दप्तरात करायची, मग मुलाची. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणजे ते घेतलं की इथलं गेलं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या, कार्डावर येऊन राहता येतं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पूर्वी हा पासपोर्ट घेऊन लोक इंग्लंड गाठायचे. ब्रेक्झिटनंतर, २०२१पासून, ती वाट बंद झाली. आयर्लंड मात्र अजून युरोपीय संघात आहे, आणि या मुलाला तिथे, डब्लिनला जायचं होतं.

बाईंचे वडील मुक्तिलढ्यात आग्वादच्या तुरुंगात होते. "आणि त्यांचा नातू त्याच सरकारचा पासपोर्ट घेणार!" हे दुःख खोटं नव्हतं. "तिथे आता लोकशाही आहे हो" अशी समजूत घालण्याच्या फंदात मी पडले नाही. ते काम घरातल्या सगळ्यांनी करून झालं होतं.

मी एवढंच विचारलं, "मग तुम्ही काय काय केलंत?"

यादी लांबत गेली. सुनेला रोज फोन. भाच्याकरवी समजावणी. नवऱ्याने सही करू नये म्हणून अबोला, त्यांनी सही केली ती केलीच, वर "तुका कित्याक जाय?" (तुला कशाला हवंय?) असं विचारलं. पणजीच्या एजंटाचा नंबर मिळवून, मुलाच्या नकळत, कागद कुठवर आलेत याची चौकशी. शेवटी देवीला कौल लावला. मूर्तीवर पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं.

"प्रसाद कसा झाला?"

"उजवा. म्हणजे जाऊ दे म्हणाली."

"मग?"

"मग... दुसऱ्या देवळात लावला."

दोघीही हसलो. मी विचारलं, "तुम्ही त्याच्यासाठी कौल लावलात हे त्याला माहीत आहे?" बाई गप्प झाल्या.

पुढच्या काही भेटी याच वाटेवर गेल्या. मग एक दिवस त्यांच्या फॉर्मवरची जन्मतारीख माझ्या नजरेस पडली. १९५८.

"बाई, तुमचा जन्म एकसष्टच्या आधीचा. म्हणजे हा पासपोर्ट तुम्हालाही मिळाला असता. का नाही केलात?"

त्या खुर्चीत ताठ झाल्या. "मी? मेले तरी करणार नाही."

"कुणी आग्रह केला नाही?"

"नवऱ्याने एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. संपलं."

"त्यांनी तुमच्या भावाकरवी निरोप धाडला? अबोला धरला? कौल लावला?"

"छे! माझा प्रश्न, मी ठरवणार..."

वाक्य अर्धवट राहिलं. असे क्षण ओढून आणता येत नाहीत, पण आले की ओळखू येतात. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे पहिल्यांदा शिकवते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मी सोडून दिलं, तर बाबांना काय वाटेल?"

गाठ इथे होती. त्यांना वाटत होतं, आपण हात काढला की आपण होकार दिला. आपल्या विरोधाची राखण करायची तर रात्रंदिवस झगडायलाच हवं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं मुळात हेच असतं, असं मला आता ठाम वाटतं. माणसं सत्तेच्या हौसेने लुडबुडत नाहीत. गप्प बसलो तर आपण पटवून घेतलं असा अर्थ निघेल, ही त्यांची धास्ती असते. बाईंच्या वडिलांना जो शब्द द्यायचा तो त्यांनी स्वतःचा पासपोर्ट न करून कधीच दिला होता. मुलाने काय करावं हे त्या शब्दात येत नव्हतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचाराची आहे, हे लपवत नाही. "असं व्हावं" ही इच्छा माणसाने जरूर ठेवावी; "असंच झालं पाहिजे" हा हट्ट झोप उडवतो. एलिसने ज्याचा आधार घेतला तो प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस जन्माने गुलाम होता. स्वतःच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

याचा अर्थ सगळ्यावरच पाणी सोडा असा नाही. गावातला डोंगर कापायला निघाले, तर ग्रामसभेत उभं राहून बोला. तुम्ही तिथले मतदार आहात, प्रश्न तुमचाच आहे. पण बोलून झाल्यावर सरपंचाच्या घरात काय शिजतंय याचा माग काढत बसू नका. मुलाबाबतही तेच. आपलं मत एकदा, स्पष्ट, त्याच्या तोंडावर सांगायचं. सुनेमार्फत नाही, भाच्यामार्फत तर नाहीच. एजंटाचा नंबर पुसायचा. हात मोकळे झाले की ते शिवशिवतात, म्हणून त्यांना स्वतःचं काम द्यायचं. बाईंनी वडिलांच्या तुरुंगातल्या आठवणी वहीत उतरवायला घेतल्या.

मुलाला काय सांगायचं, याची तालीम आम्ही केली. त्यांचा पहिला मसुदा पानभर होता, त्यात आग्वाद तीनदा आलं होतं. शेवटी उरलं ते असं: "मला हे पटलेलं नाही, पटणारही नाही. निर्णय तुझा आहे. चवथीला ये, जमलं तर." "जमलं तर" हे दोन शब्द त्यांनी दोनदा खोडले आणि पुन्हा लिहिले. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, एवढंच म्हणायचं होतं तर वर्षभर माझ्या बायकोला का छळलंस?" यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

झोप लगेच सुधारली नाही. मुलगा गेला त्या आठवड्यात पुन्हा तीनची जाग सुरू झाली. बाईंचा फोन आला. "तिथे थंडी फार म्हणे. त्याने जाड कोट घेतलाय की नाही, सुनेला विचारू?"

"कोट कुणाचा?"

"त्याचा," त्या हसल्या. "बरं, डब्लिनचं हवामान तरी मोबाइलवर बघू ना?"

"बघा की."

"रोज?"

"एकदाच."