जुन्या मोटारसायकलच्या वायरिंगमधील बिघाड शोधताना

दिवे मंद होतात आणि हॉर्न मधूनच बंद पडतो, एवढ्यावरून रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करण्यासाठी एसी विजेचे डीसीत रूपांतर करणारा भाग) बदलायला निघू नका. अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. साधा मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजणारे मीटर) घ्या आणि सुरुवात बॅटरीपासून करा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली असेल, तर ती चार्ज केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही मोजणीवर विश्वास ठेवू नये. (६ व्होल्टच्या गाडीत हे आकडे निम्मे धरा.)

नंतर अर्थ (earth, म्हणजे गाडीच्या फ्रेममधून वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) तपासा. माझ्या अनुभवात जुन्या गाडीतले बहुतेक गूढ बिघाड फ्रेमला जोडलेल्या अर्थच्या वायरीखालच्या गंजात किंवा रंगात दडलेले असतात. इंडिकेटर लावल्यावर भलताच दिवा लुकलुकू लागला, तर हमखास तिथेच पाहावे. जोड सोडवून धातू चकाकेपर्यंत घासा आणि घट्ट आवळा. मात्र त्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढून ठेवा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीही घालू नका, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. स्टेटर (इंजिनावर वीज तयार करणारी कॉइल) आणि सीडीआय (स्पार्क प्लगच्या ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक युनिट) तूर्त बाजूला राहू द्या.