ब्रेक चीं करतोय? चाक काढून बघा, मग काय ते ठरवा

पावसाळा लागला की या सदराकडे ब्रेकचेच प्रश्न जास्त येतात, म्हणून यावेळी सगळी जागा ब्रेकलाच दिलीये. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण ती खाली पुन्हा पुन्हा येणार आहे. कोणी ‘अजून आरामात चालतील’ म्हणू दे नाहीतर ‘सगळंच बदला’ म्हणू दे, चाक काढून पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दाबून गाडी थांबवणारा तुकडा) किती मिलिमीटर उरलंय ते स्वतः बघितल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका.

प्रश्न : दादा, माझी २०१९ ची हॅचबॅक आहे, ४६ हजार किमी झालेत, पॅड अजून एकदाही बदललेले नाहीत. सकाळी गाडी काढली की पहिल्या ब्रेकला खरखर येते आणि जाते, ते ठीक आहे, पण हल्ली दिवसभर बारीक चीं चीं यायला लागलंय. गॅरेजवाला चाक न काढताच म्हणाला की पावसाळ्यात होतंच, टेन्शन नका घेऊ. मला दर आठवड्याला कुंभार्ली घाटातून कराडला जावं लागतं. पावसाळा संपेपर्यंत थांबू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका थांबू. तुमच्या पत्रातच दोन वेगवेगळे आवाज आहेत आणि गॅरेजवाल्याने दोन्हींना एकच उत्तर देऊन टाकलंय. सकाळची खरखर खरंच पावसाची आहे. डिस्क बिडाची असते, रात्रभर दमट हवेत उभी राहिली की तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर येतो, चार-पाच ब्रेक मारले की पॅड तो पुसून काढतं आणि आवाज बंद. ते सोडून द्या.

दिवसभरची चीं चीं मात्र बहुतेक मुद्दाम दिलेली सूचना आहे. बऱ्याच गाड्यांच्या पॅडला एक छोटी पोलादी पट्टी लावलेली असते, पॅड झिजून साधारण २-३ मिमीवर आलं की ती पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. नवीन पॅडचा मसाला, म्हणजे घासून झिजणारा थर, साधारण १० मिमीच्या आसपास असतो, ३ मिमी राहिला की बदलायचा, आणि तुम्ही घाटात चालवता तर मी म्हणेन ४ लाच बदलून टाका. चीं चींकडे दुर्लक्ष केलं की पुढचा आवाज येतो तो घर्रर्र असा, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, म्हणजे मसाला संपला आणि मागची पत्र्याची प्लेटच डिस्कला खातेय. तिथपर्यंत गेलात तर नुसत्या पॅडवर भागत नाही, डिस्कही जाते, आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते ते वेगळंच.

आता बघायचं कसं ते नीट वाचा, कारण इथेच फसायला होतं. अलॉय व्हीलच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारला की एक पॅड दिसतं आणि माणूस म्हणतो अरे भरपूर आहे की. ते बाहेरचं पॅड. आतलं पॅड, त्याला ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूचं, ते तिथून दिसतच नाही, आणि बऱ्याचदा तेच आधी संपलेलं असतं. म्हणून चाक काढायला लावा, दोन्ही पॅड हातात घ्या. बाहेरचं ६ मिमी आणि आतलं २ मिमी असं निघालं तर समजा कॅलिपरच्या (पॅड धरून दाबणाऱ्या सांगाड्याच्या) पिना जाम झाल्यात. त्या पिना ओढून बघा, चांगल्या असतील तर ग्रीसने चिकट असतात आणि बोटाने मागेपुढे सरकतात, खराब असतील तर कोरड्या, तपकिरी, पक्कड लावून काढाव्या लागतात. त्या साफ करून ब्रेकचंच हाय-टेम्परेचर ग्रीस लावून रबरी बूट बदलले नाहीत तर नवीन पॅडही तसंच तिरकं झिजणार.

अजून एक, आवाज ब्रेक न दाबतासुद्धा सतत येत असेल तर कधी कधी डिस्क आणि तिच्या मागच्या धूळ अडवणाऱ्या पत्र्याच्या मधे खडी अडकलेली असते, कोकणातल्या रस्त्यांना हे नेहमीचं आहे, पाच मिनिटांचं काम आहे. पण तेही चाक काढल्यावरच कळतं.

प्रश्न : सर्व्हिसला गाडी दिली, संध्याकाळी फोन आला की पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर, ब्रेक ऑइल सगळं बदलावं लागेल, नाहीतर आमची जबाबदारी नाही. मला चालवताना काहीच जाणवत नव्हतं. फसवतायत का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : ताई, कदाचित फसवत असतील, कदाचित खरंही असेल, फोनवर ते कळणार नाही. ब्रेक इतके हळूहळू झिजतात की रोज चालवणाऱ्याच्या पायाला सवय होऊन जाते, त्यामुळे ‘मला काही जाणवत नव्हतं’ यावर फार भरवसा नको. त्यांना एवढंच म्हणा, की मी येतेय, चाकं काढून ठेवा आणि प्रत्येक गोष्टीचा आकडा दाखवा.

पॅडचा आकडा वर सांगितलाच. डिस्कचं असं आहे की तिच्या मधल्या भागावर किंवा कडेला किमान जाडी कोरलेली असते, ‘मिन’ असं लिहून पुढे मिलिमीटर. व्हर्नियर लावून मोजायला सांगा, त्या आकड्याच्या खाली असेल तर डिस्क बदलायचीच, तिथे घासाघीस नको. वर असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर नुसत्या पॅडवर भागतं. नखाने आडवं ओढून बघा, खोल चरे लागत असतील तर लेथवर घासून घेता येते, पण घासल्यावरही जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे. मागचे लायनर, म्हणजे मागच्या चाकांच्या ड्रममध्ये आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, ड्रम काढल्याशिवाय दिसत नाहीत, त्यामुळे ड्रम न काढता कोणी ‘लायनर गेलेत’ म्हणालं तर सरळ विचारा कशावरून. मागचे लायनर पुढच्या पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि जास्त काम पुढच्या चाकांना पडतं.

काही बदललंच तर जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा. आणि पॅड बदलताना एका चाकाचं कधीच नाही, डावं-उजवं जोडीनेच.

प्रश्न : महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो, पाच माणसं आणि सामान. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि ब्रेकचं पेडल एकदम मऊ होऊन खाली जायला लागलं. कशीबशी गाडी थांबवली. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा नीट. मेकॅनिक म्हणतो आता काही प्रॉब्लेम नाही. मग झालं काय होतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत. आणि प्रॉब्लेम आहे, फक्त तो थंड झाल्यावर लपतो.

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र आहे. भरलेली गाडी आंबेनळी घाटातून ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवली तर ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, पॅड तापतं, मग कॅलिपर, मग आतलं ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ४ या दर्जाचं नवीन ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या वर उकळतं, पण त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येतो, डॉट ३ असेल तर अजून खाली, १४० च्या आसपास. ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, म्हणून तुमचं पेडल मऊ झालं. पेडल कडक राहून गाडी नुसती थांबत नसती तर म्हटलं असतं फक्त पॅड तापले. तुमचं वर्णन बघता ऑइल जुनं आहे असाच माझा अंदाज आहे. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं, किलोमीटर कमी झाले असले तरी. झाकण उघडून रंग बघा, नवीन असताना फिकट पिवळसर पारदर्शक असतं, चहासारखं तपकिरी दिसत असेल तर ताबडतोब बदला आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. पॅडही तपासा, जास्त तापलेल्या पॅडचा मसाला वरून काचेसारखा चकचकीत होतो, मग तो नीट पकडत नाही.

आता चालवण्याचं. जुने ट्रकवाले सांगतात ते शंभर टक्के खरं आहे, ज्या गियरने घाट चढाल त्याच गियरने उतरा. दुसरा गियर टाका, इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्या, आणि ब्रेक सतत चोळत बसण्यापेक्षा थोडा जोरात दाबून वेग कमी करा आणि सोडा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल (लो गियर) वर घ्या. न्यूट्रल करून उतरण्याने पेट्रोल वाचतं हा गैरसमज कृपा करून सोडा, आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गियरमध्ये उताराला असताना इंधन जवळपास बंदच करतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि इंजिन बंद करून तर कधीच नाही, दोन-तीन दाबात, पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

पुन्हा असं झालंच तर पेडल पटापट पंप करा, गियर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नाही, आणि गाडी दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकू शकते, तडकूही शकते.

प्रश्न : वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा लुकलुकतो, हँडब्रेक तर पूर्ण खाली असतो. ब्रेक ऑइल टाकून घेऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बऱ्याच गाड्यांमध्ये तो दिवा हँडब्रेक आणि ऑइलची पातळी दोन्हींसाठी एकच असतो. पातळी कमी झालीये, वळणावर ऑइल हलतं आणि दिवा लागतो. पण नुसतं ऑइल टाकू नका. पॅड जसं झिजतं तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे ऑइल जाऊन बसतं, म्हणून पातळी खाली येते. तुम्ही वरून भरलंत तर दिवा विझेल आणि पॅड संपल्याचं कळणारच नाही, शिवाय नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते जादा ऑइल टाकीतून बाहेर सांडेल आणि ते रंग खातं. आधी पॅड बघा. पॅड भरपूर असतील आणि तरी पातळी कमी असेल तर गळती आहे, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा, आणि असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

प्रश्न : हायवेला ८०-९० ला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. व्हील बॅलन्सिंग करून झालं, फरक नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फक्त ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर बॅलन्सिंगने जाणार नाही. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. मोजून, जाडी शिल्लक असेल तर लेथवर, नाहीतर जोडीने नवीन. पण एकदम कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडत असेल तर ते एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे, तेव्हा पाय काढायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

प्रश्न : उद्या पॅड बदलून घेतोय. घेताना आणि नंतर काय बघू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : समोर उभे राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो त्यामुळे काम झाल्यावरचं पहिलं पेडल थेट तळाला जातं, म्हणून गाडी हलवायच्या आधी जागेवरच पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मेकॅनिक विसरला तरी तुम्ही विसरू नका, गॅरेजच्या दारातच समोरच्या गाडीवर आदळल्याच्या गोष्टी यातूनच होतात. धूळ हवेच्या पाईपने उडवू देऊ नका, ती छातीत जाते, ब्रेक क्लीनरने धुवायला सांगा. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा, जोरात ब्रेक टाळा, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला तेवढं लागतं, तोपर्यंत घाटात भरलेली गाडी नेऊ नका.