कलम शेतकऱ्याच्या बाजूचं, तरी समन्स शेतकऱ्यालाच

तुम्ही विचारलंत की कंपनीने नोंदवलेल्या वाणाचं बियाणं घरी राखून पेरलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का, आणि असेल तर घाबरायचं कशाला. कायदा बाजूने आहे. तरीही निर्धास्त राहू नका, आणि ते का, हे गुजरातच्या बटाटा खटल्यावरून नीट कळतं.

पेप्सिकोने चिप्ससाठीचा एफएल २०२७ हा बटाट्याचा वाण (एफसी-५ नावानेही ओळखला जातो) २०१६ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदवला. या बटाट्यात पाण्याचा अंश कमी, म्हणून तळायला चांगला. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या न्यायालयात दावा लावला. भरपाई मागितली प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपये! हे लहान शेतकरी, तीन-चार एकरवाले. शेतकरी संघटनांचं म्हणणं असं की खासगी गुप्तहेर गिऱ्हाईक बनून शेतावर आले, गुपचूप चित्रीकरण केलं आणि बटाट्याचे नमुने घेऊन गेले. शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकण्याआधीच न्यायालयाने हा बटाटा लावायला-विकायला अंतरिम, म्हणजे तात्पुरती, मनाई दिली.

आता २००१ च्या त्या कायद्याचं कलम ३९ बघा. संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा शेतकऱ्याला राखता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, अदलाबदल करता येते, वाटता येतं आणि विकताही येतं. अट एकच: संरक्षित वाणाचं ब्रँडेड बियाणं म्हणून विकायचं नाही, म्हणजे पिशवीवर त्या वाणाचं नाव-लेबल लावायचं नाही. याहून स्पष्ट काय लिहायला हवं होतं? कंपनीने मात्र कलम ६४ पुढे केलं, त्यात वाण नोंदवणाऱ्याच्या हक्काचा भंग कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. मग तडजोड सुचवली: आमच्याकडूनच बियाणं घ्या, माल आम्हालाच द्या, नाहीतर हा वाण लावणार नाही असं लिहून द्या. कायद्याने दिलेला हक्क शेतकऱ्याने सहीनिशी सोडून द्यावा, असाच याचा अर्थ होतो. मला हा सरळ अन्याय वाटतो.

देशभर ओरड झाली, लोकसभेची निवडणूक सुरू होती, आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. लोकांना वाटलं, शेतकरी जिंकले. पण दावा मागे घेतल्यामुळे त्या खटल्यात कलम ३९ वर निकालच लागला नाही. उद्या दुसऱ्या कोणावर असा दावा पडला, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल. नंतर या कायद्याखाली वाणांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये पेप्सिकोच्या त्या वाणाची नोंदणी रद्द केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एक सदस्यीय पीठाने २०२३ मध्ये तो निर्णय उचलून धरला. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने (एकाहून जास्त न्यायाधीशांच्या पीठाने) तो फिरवला, म्हणजे नोंदणी रद्द करणं टिकलं नाही. तिथला मुख्य वाद अर्जातल्या नोंदी आणि कागदपत्रांचा होता, शेतकऱ्याच्या घरातल्या बियाण्याचा नव्हे.

कलम ४४ प्रमाणे प्राधिकरणापुढे आणि उच्च न्यायालयात शेतकऱ्याला फी माफ आहे. चांगली तरतूद आहे, पण शेतकरी मोडतो तो वकिलाच्या फीने, तारखांनी आणि ऐन काढणीत बुडालेल्या दिवसांनी. दावा मागे घेणाऱ्या कंपनीने तो खर्च भरून द्यायलाच हवा, आणि शेतकऱ्याचं ऐकल्याशिवाय मनाई देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बियाणं कुठून आलं त्याची पावती जपा. शेजाऱ्याला देताना साध्या पोत्यात द्या, वाणाचं नाव छापू नका. अनोळखी माणूस नमुना मागत असेल तर त्याचं नाव-गाव लिहून ठेवा. आणि नोटीस आलीच, तर तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन वकिलाला कलम ३९ दाखवा. नोटिशीत ते कलम बहुधा लिहिलेलं नसेल.