रेस्टॉरंटमध्ये कथाकथनाचा कार्यक्रम ठेवला, तर कथा जेवण चालू असताना सांगाव्यात की नंतर?

कथा जेवण आटोपल्यावरच सांगाव्यात. ताटे उचलली गेली, की सुरुवात करावी आणि त्या वेळात टेबलावर फक्त पेये व आधीच आणून ठेवलेले हलके पदार्थ असावेत. असे कार्यक्रम आयोजित केल्यामुळे सांगतो, की चमच्यांच्या आवाजाने श्रोत्यांचे लक्ष फारसे विचलित होत नाही. ते मोडते वेटर वाकून हळू आवाजात ऑर्डर घेऊ लागतो तेव्हा, कारण एका टेबलावरची कुजबुज लगेच शेजारी पसरते, आणि नेमके त्याच क्षणी मिक्सर किंवा कॉफीचे यंत्र सुरू झाले, तर कथकाने घेतलेला विराम वाया जातो. म्हणून ऑर्डर व बिले मध्यंतरातच घेतली जातील, हे मालकाशी आधीच ठरवून घ्यावे. ‘द मॉथ’ या १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या कथास्पर्धांत दहा कथक प्रत्येकी पाच मिनिटे बोलतात; जेवून बसलेल्या श्रोत्यांसाठी सहा-सात कथक पुरेत. मात्र त्या संध्याकाळी रेस्टॉरंट इतर गिऱ्हाइकांसाठीही खुले राहणार असेल, तर स्वतंत्र खोली मिळाल्याशिवाय हा बेत करू नये, कारण केवळ जेवायला आलेल्या माणसाला गप्प बसवण्याचा अधिकार आयोजकाला नसतो.